पावण्याची गादी

मी गिरणीवाली. दिवसभर जात्याच्या घरघरीत उभं ऱ्हायचं आन गिऱ्हाइकाशी बोलायचं, म्हणून माझा आवाज चढाच हाय. लोकांना वाटतं ही बाई भांडायलीय. भांडत बी आसंन मी कधीकधी, पण दरवेळी न्हाय. दुसरं म्हणजे आमच्या कोल्हापुरात बाया बी ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलत्यात. तवा ‘ही बाई का बाप्या’ म्हणून अडू नका, म्होरं ऐका.

माझ्या गिरणीला लागून जरीनाभाभींचं गादीचं दुकान हाय. उत्तरेश्वर पेठेत कुणालाबी विचारा, नदाफांचं दुकान कुठं, तर बोट हिकडंच करणार. भाभींचं मालक अमीनभाई खांद्यावर धनुकली टाकून दारोदार कापूस पिंजायला जायाचं. कापसाच्या धुळीनं त्यांची छाती बसली. तवा भाभींनी धनुकली भिंतीला टांगली, पिंजायचं मशीन आणलं आन स्वतः कामाला बसल्या. त्या वक्ताला दुकानात बाई गादी भरती म्हटल्यावर लोक टकामका बघत उभं ऱ्हायचं. भाभी म्हणायच्या, ‘बघून झालं आसंल तर माप सांगा.’

आता अमीनभाई न्हाईत. फोमच्या गाद्या आल्या, त्यांची काचेची दुकानं झाली. भाभींचा लेक वसीम म्हणतोय, अम्मी, बंद करा आता. भाभी त्याला म्हणत्यात, ‘माणसाला पाठ हाय तवर मला काम हाय. तू जेव जा.’ बाई अशी हाय. ‘भाभी, होईल का हो?’ असं विचारलेलं तिला खपतच न्हाय. कायबी सांगा, तिचं एकच उत्तर, ‘होतंय की.’

तिचं काम बघण्यासारखं असतंय. गादी भरून झाली की तिच्यावर मांडी घालून बसायचं, हातात दाभण घ्यायचं आन टाकं घालायचं. टाकं म्हणजे गादीच्या आरपार दोरा, वरनं खाली, खालनं वर, म्हणजे आतला कापूस जाग्यावर ऱ्हातोय, गोळा होत न्हाय. टाकं घालताना भाभी हाताकडं बघतच न्हाईत. नजर रस्त्यावर, तोंडाचा पट्टा चालू, आन दाभण आपलं आपलं चाललेलं. मी कितीदा म्हटलंय, ‘भाभी, बोटात घालून घेशीला.’ तर म्हणत्यात, ‘आक्का, हाताला ठाव हाय. मी मधी बघाय गेलो तर त्याचं चुकंल.’

तर ह्या भाभींची ही गोष्ट. गेल्या चैत्रातली.

गिरणीच्या वर माझी माडी हाय. खाली लाकडी फळ्या, वर पत्रा. तितं शालन आन तिची लेक अनुजा भाड्यानं ऱ्हायच्या. अनुजा कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत एका कंपनीत कामाला जाती. सकाळच्या गाडीनं जाती, दिवस कलल्यावर येती. काही वर्सांमागं ऐन दिवाळीत शालनच्या दारात एक केसाळ कुत्रं येऊन बसलं. कुणाचं, कुठलं, काय पत्ता न्हाय. शालननं त्याच्या म्होरं भाकरी टाकली आन म्हणाली, ‘या पावणं, बसा.’ पावणं बसलं ते बसलंच. तेच त्याचं नाव पडलं. गल्लीत कुणी नवख्या माणसाला ‘ओ पावणं’ म्हणून हाक मारली की हे आधी कान टवकारायचं.

गेल्या थंडीत शालन दुखण्यानं गेली. गेलेल्या माणसाचं अंथरूण आमच्यात घरात ठेवत न्हाईत, टाकून देत्यात न्हायतर कुणाला देत्यात. मी अनूला तसं सांगितलं. तिनं ऐकलं न्हाय. शालनला न्हेलं त्या दिवशी पावणं तिच्या गादीवर चढून बसलं, आन मग भाकरीपुरतं आन खाली जाऊन येण्यापुरतं सोडलं तर ते तितनं हलायलाच तयार न्हाय. आन खरं सांगायचं तर पोरीलाबी ती गादी काढायची नव्हती. ती रडली बी न्हाय. कामावर जायची, यायची, दोघांचं रांधायची आन त्या गादीच्या कडंला खाली वाकळ टाकून झोपायची. मला तिची लई काळजी वाटायची. रडणारं माणूस परवडतं, न रडणारं परवडत न्हाय.

मग ऊन तापलं. वरचा पत्रा असा तापायचा की माडीत पाय ठेवला की डोळं झोंबायचं. त्यात पावणं म्हातारं, अंगावर केसांचं जंगल, आन खाली कापसाची जाड गादी. कापूस ऊब धरून ठेवतोय, तो थंडीला चांगला. एक दिवस अनू कामावरनं आली तर पावणं कलंडलेलं, जीभ निळी, धाप लागलेली. आम्ही त्याला पाण्यात भिजवलेल्या चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं. जनावरांच्या डॉक्टरनं वाचवलं, पण म्हणाला, ‘ह्याचं काळीज थकलंय. परत असं झालं तर माझ्याकडं आणायलाबी वेळ मिळायचा न्हाय. दिवसा त्याच्या पोटाला गारवा लागला पायजे.’

तुम्ही म्हणशीला, कूलर लावायचा की. लावला. माझ्या गिरणीची मोटर सुरू झाली की वर कूलर मान टाकतोय. पंखा तेवढा कसाबसा फिरतोय. गिरणीत ठेवावं तर पिठाची धूळ, भाभींकडं कापसाची. डॉक्टर दोन्हीला नको म्हणाला. अनूनं मोबाइलवरनं निळी जेलची चटई मागवली. पावण्यानं ती एकदा हुंगली, दातानं फाडली आन परत गादीवर जाऊन बसलं. ओलं पोतं टाकून बघितलं, त्याच्याकडं तर त्यानं ढुंकूनबी बघितलं न्हाय.

शेवटी शालनचा भाऊ, आकाराम, मलकापूरचा, त्याचा फोन आला. तिकडं झाडी हाय, अंगणात विहीर हाय. रविवारी जीप घेऊन येतो आन पावण्याला घेऊन जातो म्हणाला. अनू फोनवर ‘बरं’ म्हणाली आन मग कितीतरी वेळ जिन्याच्या पायरीवर बसून ऱ्हायली. आईचं म्हणून जितंजागतं तिच्याकडं तेवढंच हुतं. ते गेल्यावर ही पोरगी त्या माडीत एकटी काय करणार? मी तशीच उठलो आन भाभींच्या दुकानात गेलो.

‘भाभी, कुत्र्याला गार गादी करायची. होईल का?’ म्हटलं.

भाभींनी माझ्याकडं असं बघितलं की मी विचारलेलंच परत गिळलं. त्या चष्मा पुसत माडीवर आल्या. पावण्याकडं न बघता आधी गादीच चाचपली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची खोळ, धुऊन धुऊन पट्टं फिकं पडलेलं.

‘ही माझी हाय,’ म्हणाल्या. ‘टाक्यावरनं कळतंय. पोरी, ह्याला गारवा नको हाय असं न्हाय. ह्याला ही खोळ पायजे. हिच्यात शालनचा वास हाय. तवा खोळ हीच ठेवू. आतला कापूस काढू आन गार काय तरी भरू. होतंय की.’

‘म्हणजे आईची गादी उसवायची?’ अनू म्हणाली.

‘व्हय. उसवल्याबिगर कशी भरू?’

अनू नको म्हणाली. भाभी काय गोड बोलणाऱ्यातल्या न्हाईत. त्या म्हणाल्या, ‘हे बघ, गादी तशीच ठिवलीस तर पावणं जातंय. पावणं ठेवायचं तर गादी उसवाय लागतीय. दोन्ही ठेवायचं मला येत न्हाय, ते आधीच सांगतो. ठरलं की खाली घेऊन ये.’ आन जिना उतरून निघून गेल्या. मला राग आला हुता त्यांचा. आई जाऊन चार महिनंबी झालं न्हाईत पोरीची, जरा जपून बोलायला काय जातंय, म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दळणाचं डबं लावत हुतो, तर अनू डोक्यावर गादी घेऊन जिना उतरताना दिसली. मागनं पावणं, एकेक पायरी थांबत, धापा टाकत.

भाभींनी गादी घेतली, उसवली. कापूस काढून एका बाजूला गाठोडं बांधून ठेवला. दवाखान्याच्या गाद्यांना त्या रेक्झिन लावत्यात, त्याची त्यांनी पावण्याच्या मापाची पिशवी केली. शिवण फिरवली, आन त्या शिवणीवर सायकलवाल्याकडचं पंक्चरचं सोल्युशन असं चोपडलं की थेंब बाहेर येईल तर शपथ. आत काथ्या भरला. ‘कापूस पाणी पिऊन लोळागोळा होतोय, काथ्या होत न्हाय,’ म्हणाल्या. मुठभर वाळा टाकला. पाणी भरायला तेलाच्या कॅनचं तोंड बसवलं. मग खोळीचा निम्मा भाग कापून त्यात ती पिशवी घातली, तोंड शिवलं आन सवयीनं वर मांडी घालून बसल्या.

अनू उंबऱ्यावर बसली हुती, बाहेरच्या पावण्याला हातपंख्यानं वारा घालत. तिच्याकडं बघून भाभींनी बोलाय सुरुवात केली.

‘आज तू गादी डोक्यावरनं आणलीस न्हवं? तुझी आई बी अशीच घेऊन गेलती. तू पाळण्यात हुतीस. शालन आली आन म्हणाली, भाभी, आयुष्यात गादीवर झोपलो न्हाई, वाकळंवरच निजलो. पण माझी पोरगी गादीवर झोपली पायजे. रोज कामावरनं येताना दुकानात डोकवायची, किती भरली बघायला. झाली तवा अमीन म्हणाला, हातगाडी बोलावतो. तर म्हणाली, काय नको. माझी गादी मी न्हेतो. आन घेतली डोक्यावर, ह्या गल्लीतनं अशी चालली की जणू हत्तीवरनं निघालीय. मी दारात उभं राहून बघत हुतो.’

अनू ऐकत हुती. तिला ह्यातलं कायबी ठाव नव्हतं. मी दारात उभं राहून ऐकत हुतो, गिऱ्हाईक हाका मारायलं तरी गेलो न्हाय. भाभी हसत सांगायल्या, डोळं पुसत सांगायल्या, आन त्यांचा हात आपलं काम करत हुता.

शनिवारी सकाळी अनूनं गादीत पाणी भरलं. पावण्यानं खोळ हुंगली, दोन गिरक्या घेतल्या आन वर चढून बसलं. अनू खुशीत कामावर गेली.

दुपारी मी जोंधळं दळत हुतो. टाळूवर थेंब पडला. मी वर बघतोय तवर दुसरा पडला तो पिठात. मोटर बंद केली आन भाभींना अशी हाक मारली की गंगावेशीत ऐकू गेली आसंल.

‘भाभी, तुमची गादी गळायलीय.’

भाभी दारात आल्या. ‘माझी गादी? गळणार न्हाय.’

‘मग माझ्या पिठात काय पडायलंय, गुलाबपाणी?’

आम्ही दोघी जिना चढलो. माझ्याकडच्या किल्लीनं कुलूप काढलं. आत पत्रा नुस्ता भाजत हुता. आन गादीवर पावणं चारी पाय चार दिशेला टाकून, पोट सपाट टेकवून पडलेलं. हालचाल न्हाय. अनूला काय सांगायचं, एवढंच डोक्यात आलं. मी पुढं होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ संथ वरखाली होत हुती. त्यानं एक डोळा उघडला, मला बघितलं आन परत मिटला. जीभ तोंडात हुती. त्या उन्हात ते गाढ झोपलं हुतं.

भाभी मात्र पावण्याकडं बघत नव्हत्या. त्या खाली बसल्या हुत्या आन खोळीवरनं हात फिरवायल्या. हात एका जागी थांबला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

‘या अल्ला,’ म्हणाल्या. ‘आक्का, मी टाकं घातलं.’

मी बघितलं. खोळीवर सगळीकडं टाकं, एका ओळीत, सुरेख, आरपार. सोल्युशन चोपडून चोपडून बंद केलेल्या पिशवीला बाईनं दाभणानं चाळणी करून ठिवलीवती. खोळीला जुन्या टाक्यांची भोकं हुती, तिनंच कधीकाळी पाडलेली. शालनचं सांगता सांगता दाभण त्याच भोकांतनं गेलं. ती बघत नव्हती, आन आम्ही तिच्या तोंडाकडं बघत हुतो.

भाभींना असं मी कधी बघितलं न्हाय. अमीनभाई गेल्यावरबी त्या ताठ हुत्या. आता त्या फळ्यांवर बसून पाणी टिपायल्या पदरानं आन म्हणायल्या, ‘हाताला ठाव हाय म्हणत हुतो मी. काय ठाव हाय त्याला? वसीम म्हणतोय तेच खरं. बंद करतो.’ आन कमरेचं ब्लेड काढून टाकं कापायला वाकल्या.

पावणं गुरगुरलं. उठलं न्हाय, नुस्तं गुरगुरलं.

‘थांबा भाभी,’ म्हटलं. मी गादीवर हात ठेवला. दोन्ही हात ठेवलं. मग गाल टेकवला, खोटं कशाला सांगू. गार हुती ती. फ्रिजसारखी झोंबणारी न्हाय, माठासारखी. टाक्यातनं पाणी झिरपून खोळ दमट झालीवती, आन कोपऱ्यातला पंखा तिच्यावर वारा घालत हुता. ‘हिकडं हात आणा तुमचा.’

भाभींनी हात ठेवला. जरा वेळ ठेवूनच बसल्या.

‘माठ बी झिरपतोयच की,’ म्हटलं. ‘न झिरपणारा माठ कुणी घेतंय का? ही गादी पॅक शिवली असती तर पत्र्याखाली आतलं पाणीच तापलं असतं. टाकं हायत म्हणून गार हाय. आता तेवढं माझं पीठ वाचवा.’

भाभींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गादीची कड उचलून खालनं बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू आपल्या जाग्यावर आला.

‘फळ्यांवर ठिवलीय म्हणून पाणी खाली जातंय,’ म्हणाल्या. ‘माझ्या घरी बारकं बाजलं हाय. त्याच्यावर ठेवायची, खालनंबी वारा लागंल. आन खाली तुमची ती मोठी परात.’

‘माझी परात का म्हणून?’

‘पीठ वाचवायचं हाय न्हवं?’ म्हणाल्या. ‘होतंय की.’

दिली परात. काय करता?

रविवारी अनू घरात हुती. तिला आम्ही सगळं सांगितलं हुतं, भाभींनी तर स्वतःच्या तोंडानं, कायबी न लपवता. ऐन दुपारी आकाराम मामा जीप घेऊन आला. हातात नवी साखळी. ‘चला पावणं,’ म्हणाला. पावणं बाजल्यावरनं उतरलं, मामाजवळ गेलं, शेपटी हलवली, त्याचा पाय हुंगला आन परत बाजल्यावर जाऊन आडवं झालं. मामा म्हणाला, दुपार कलंपर्यंत बसतो, बघतो. बसला. माणूस घामानं न्हाऊन निघाला, टोपी काढली, शर्टाची बटणं काढली, मग उठून जिन्यात जाऊन बसला. पावणं घोरत हुतं. शेवटी मामानं साखळी जीपच्या सीटखाली टाकून दिली.

‘ऱ्हाऊ दे हितंच,’ म्हणाला. ‘तिकडं न्हेऊन ह्याला गादी कोण शिवणार?’

अनू पावण्याच्या डोक्यावरनं हात फिरवत ऱ्हायली. तेवढ्यात भाभी जिना चढून आल्या, काखेत काय तरी धरून. उशी हुती. त्याच निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. गादीचा निम्मा भाग त्यांनी कापला हुता, उरलेला ठेवून दिला हुता, ते मी विसरूनच गेलो हुतो.

‘त्याची त्याला दिली,’ भाभी म्हणाल्या. ‘ही तुझी. आत तुझ्या आईचाच कापूस हाय, परत पिंजलाय. आन हिला टाकं न्हाईत, बघून शिवलीय.’

अनूनं उशी घेतली. उलटी केली, सुलटी केली. मग त्यात तोंड घातलं आन खाली बसली. थंडीपासनं आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. असं रडली पोरगी की बाजल्यावरचं पावणं उठून तिच्याजवळ आलं. भाभी तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या, पाठीवर हात ठेवून. मी मामाला दंडाला धरून खाली आणलं.

रविवारी दुपारी माझी गिरणी बंद असती. गल्ली सामसूम हुती, वरचं रडणं पार कोपऱ्यापर्यंत जात हुतं. मी शटर वर केलं आन मोटर चालू केली. घरघर सुरू झाली तसं वरचं काय ऐकू येईनासं झालं.

मामा म्हणाला, ‘ताई, दळण कुठाय?’

मी म्हटलं, ‘बसा पावणं, च्या टाकतो.’